पितर म्हणून जेवायला या!

प्रश्न : कोपरखैरण्यात भाड्याने राहायला येऊन मला अजून वर्ष झालेले नाही. तळमजल्यावरचे घरमालक काका साताऱ्याकडचे. वाशीच्या बाजार समितीत माथाडी होते, आता निवृत्त आहेत. परवा जिन्यात थांबवून म्हणाले, "सर्वपित्रीला आमच्याकडं म्हाळ हाय. आण्णांच्या नावानं पितर म्हणून तुम्ही जेवायला या." आण्णा म्हणजे त्यांचे वडील. मी त्यांना कधी पाहिलेलेही नाही. माझ्या वडिलांच्या बदल्यांमुळे आम्ही सरकारी वसाहतींत वाढलो. घरी पक्ष-बिक्ष कधी झाला नाही, बाबा त्या दिवशी एका वसतिगृहाला देणगी पाठवायचे. ऑफिसात सांगितले, तर एक जण म्हणाला, मेलेल्या माणसाच्या जागी बसायचं? कशाला ती ब्याद! मालवणकडची एक सहकारी म्हणाली, आमच्या आजोळी तर सगळं गाव तीन दिवस भुतांना मोकळं करून देतात. सिंगापूरला राहून आलेला तिसरा म्हणतो, तिकडेही भुतांचा महिना असतो. मला भीती वाटत नाही, पण तिथे जाऊन नेमके काय करायचे ते कळत नाही. हा सण आहे की दुखवटा? काय न्यायचे, काय बोलायचे? आणि मुख्य म्हणजे, मीच का?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्यांची उत्तरे त्यातूनच निघतात. तुम्हीच, कारण तुम्ही त्यांचे कोणी लागत नाही.

म्हाळ म्हणजे पितृपक्षात घरच्या गेलेल्या माणसांच्या नावाने घातलेले जेवण. ते त्यांच्यापर्यंत पोचायचे तर कोणातरी जिवंत माणसाने जेवावे लागते. हा जेवणारा घरचा चालत नाही. घरचे सगळे यजमान, आणि भावकी म्हणजे तेच रक्त, तेव्हा तीही यजमानांच्याच बाजूची. शास्त्रोक्त श्राद्धातही सगोत्र ब्राह्मण बसवत नाहीत. म्हणून गावाकडे पितर बाहेरच्या घरातून येतो. आज तुमच्याकडे आमचा म्हातारा जेवला, परवा आमच्याकडे तुमचा, असा पंधरवडाभर फेरा चालतो. घाटावरच्या कित्येक गावांत या दिवसांत एकेका धडधाकट म्हाताऱ्याला इतकी बोलावणी असतात, की घरची चूल त्याला ओळखेनाशी होते.

आता हा फेरा कोपरखैरण्यात कसा येऊन पोचला? माथाडी कामगारांचा कायदा १९६९ चा. मुंबईतले घाऊक बाजार १९८० नंतर टप्प्याटप्प्याने वाशीला हलले, आणि त्यांच्यामागोमाग सातारा, सांगली, जुन्नर, आंबेगाव इथली हमाली करणारी माणसे कोपरखैरणे-घणसोलीच्या छोट्या छोट्या घरांत आली. घर इथे झाले, पण म्हाळ गावीच राहिला. म्हातारी माणसे तिकडे होती. पितृपक्षात दोन दिवस खाडा करून, एसटी पकडून गावी जायचे, जेवणावळ उरकायची आणि परत यायचे. पुढे ती म्हातारी माणसेच पितर झाली. गावच्या घराला कुलूप लागले, आणि तेव्हा कुठे म्हाळ नव्या मुंबईत उतरला. पण त्याच्याबरोबर ते भावकीबाहेरचे शेजारी थोडेच उतरले? सेक्टरमध्ये आजूबाजूला बघावे, तर एक तर गाववाले, म्हणजे पाहुणे नाहीतर भाऊबंद, किंवा मग वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. काकांनी तुम्हाला जिन्यात गाठले ते याच अडचणीतून, असा माझा अंदाज आहे.

मनुस्मृतीत श्राद्धाला कोणाला बोलवावे याची लांबलचक यादी आहे. तिच्यातला बराचसा भाग जातीच्या उतरंडीने भरलेला, आज वाचताना कपाळाला आठ्या घालणारा. पण त्यातच एक नियम असा आहे, की श्राद्धाला मित्राला जेवू घालू नये. मैत्री जोडायची तर ती इतर मार्गांनी जोडावी. श्राद्धाला बोलवायचे ते ना मित्र ना शत्रू अशा माणसाला. हेतू उघड आहे. मित्राला जेवू घातले की जेवण मैत्रीच्या खात्यात जमा होते, पितरांच्या नाही. हा नियम वेद शिकलेल्या ब्राह्मणांसाठी लिहिलेला. काका आणि तुम्ही दोघेही त्या लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनी नसणार. तरीही येऊन अजून वर्षही न झालेला, भाडे वेळेवर देणारा, जिन्यात नमस्कार करण्यापलीकडे ओळख नसलेला भाडेकरू या व्याख्येत चपखल बसतो. पुराणांनी आणखी एक वाट मोकळी ठेवली आहे : श्राद्धाच्या वेळी दारात आलेला अतिथी परत पाठवू नये, योगी वेष पालटून हिंडत असतात. आणि आपल्याकडची सगळ्यांत मोठी साक्ष पैठणची. एकनाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक तयार होता. त्याचा वास घेऊन थबकलेल्या अस्पृश्य कुटुंबाला नाथांनी ते अन्न वाढले. ब्राह्मण रुसून बसले, तेव्हा खुद्द पितर पानावर येऊन जेवले, अशी ती कथा. घडले असेल नसेल, पण पितर कोणाच्या तोंडून जेवतात याचा निकाल मराठी माणसाने सोळाव्या शतकातल्या एका संताच्या नावावर लावून ठेवला आहे. तेव्हा तुमची जात, गोत्र, गाव या कशाचीच चिंता नको. काकांनीही ते विचारलेले दिसत नाही.

ब्यादीचे म्हणाल, तर तुमच्या ऑफिसातल्या गृहस्थांनी भूत आणि पितर यांची गल्लत केली आहे. परंपरेच्या हिशेबात माणूस गेल्याबरोबर पितर होत नाही. आधी तो प्रेत असतो, भुकेला, बिनपत्त्याचा. बाराव्या दिवशी सपिंडीकरण होते, म्हणजे त्याचा पिंड बाप, आजा, पणजा यांच्या पिंडांत मिसळतात. तेव्हा तो प्रेतपणातून सुटून पितरांच्या पंगतीला बसतो. ज्याचे कोणी काही केले नाही, तो भूत. ज्याला घर आहे आणि त्या घरात वर्षाकाठी एक पान आहे, तो पितर. आण्णांना मुलगा आहे, पान आहे, खीर आहे. ते कशाला कोणाला झपाटतील? म्हाळाच्या जेवणात अंगात येणे, घुमणे असा काही प्रकार नसतो. आणि 'भूत उतरवतो' म्हणून कोणी माणसाला मारहाण करत असेल, साखळीने बांधत असेल, तर तो महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. त्याचा या जेवणाशी काही संबंध नाही.

सण की दुखवटा? दोन्ही नाही. दुखवटा तेराव्याला संपला. सण म्हणावे, तर दाराला तोरण नाही, पानाभोवती रांगोळी नाही, कोणी कोणाला शुभेच्छा देत नाही. तुम्हीही चुकून देऊ नका. भाद्रपदाच्या वद्य पक्षात, पौर्णिमा धरून सोळा तिथी गेलेल्यांसाठी राखून ठेवलेल्या आहेत, एवढेच. ज्या तिथीला माणूस गेला त्या तिथीला त्याचा म्हाळ. त्यातही वाटण्या आहेत. अहेवपणी गेलेल्या बायकांची अविधवा नवमी. अपघाताने किंवा शस्त्राने गेलेल्यांची चतुर्दशी. संन्याशांची द्वादशी. मागच्याच वर्षात कोणी गेले असेल, तर भरणी. ज्यांची तिथी माहीत नाही किंवा चुकली, त्यांची सर्वपित्री अमावास्या. शहरात या शेवटच्या दिवसाचे महत्त्व फार वाढले, कारण तिथीला रजा मिळत नाही. २०२४ मध्ये सर्वपित्री २ ऑक्टोबरला, गांधी जयंतीच्या सुट्टीला आली. २०२५ मध्ये २१ सप्टेंबरला, रविवारी. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे सगळे पुढे सरकून ती १० ऑक्टोबरला, शनिवारी येते. पितरांना सुट्ट्यांचे कॅलेंडर कळू लागले आहे असे वाटावे.

या पंधरवड्याला अशुभ म्हणायची रीत पडली आहे. नवी मुंबईत तर फ्लॅटचे बुकिंग या दिवसांत थंडावते, आणि बिल्डरांच्या पानभर जाहिराती घटस्थापनेची वाट बघत बसतात. मला हे पटत नाही. हॉल एका कार्यासाठी घेतलेला असला की दुसरे कार्य तिथे होत नाही, त्यात पहिले कार्य अपवित्र आहे असा अर्थ नसतो. आणि पितर जाताना घाईनेही जात नाहीत. जुन्या धर्मग्रंथांत दिवाळीच्या अमावास्येला पेटत्या चुडी उंच धरून पितरांना परतीची वाट दाखवावी असे सांगितले आहे. म्हणजे नवरात्र, दसरा सगळे बघून ते दिवाळीला निघतात.

आता त्या दिवसाचे. सगळ्यांत आधी वेळ पाळा. श्राद्धाची वेळ दुपारची. देवाचे सकाळी, पितरांचे दुपार कलताना. साधारण साडेबारा ते दीडच्या सुमारास तुम्हाला बोलावतील. तुम्ही जेवल्याखेरीज घरातले कोणी जेवणार नाही, काकूंनी तर सकाळपासून चहावर काढलेली असणार. 'ट्रॅफिक होतं' ही सबब त्या दिवशी चालायची नाही, तुम्हाला एक जिना उतरायचा आहे. सकाळी वडापाव खाऊन पोट भरू नका. मधुमेह असेल, एखादा पदार्थ चालत नसेल, तर ते आदल्या दिवशी सांगा. पानावर बसून सांगितलेत तर घरचे कानकोंडे होतील.

दारात किंवा मोरीपाशी तुमचे पाय धुतील. इथे तुम्ही अवघडणार, कारण धुणारे काका तुमच्या वडिलांच्या वयाचे. पाय मागे घेऊ नका. ते तुमचे पाय धूत नाहीत, आण्णांचे धूत आहेत. हे एकदा मनात पक्के धरलेत की बाकीचे सगळे सोपे. मग गंध लावतील, पाटावर बसवतील. गोवरीच्या निखाऱ्यावर तूप आणि वाढलेल्या पानातला घास सोडतील. घाटावर काही भागांत याला आगारी टाकणे म्हणतात. ब्लॉकमध्ये गोवरीच्या धुराने सगळ्यांचे डोळे चुरचुरतील, खिडकी उघडायला उठू नका, घरातले कोणी उघडेल. भटजी असतीलच असे नाही. पुष्कळ घरांत नसतात, आणि त्यामुळे काही अडत नाही.

जेवण भरपूर. तांदळाची किंवा गव्हाची खीर, वडे, कढी किंवा आमटी, भात, आणि भाज्या म्हणाल तर मोजू नका : गवार, भेंडी, कारले, लाल भोपळा, काकडी, अळू. कारले आणि अळू एरवी पाहुण्याच्या पानात वाढायला गृहिणी बिचकते, इथे त्यांचा मान पहिला. हेच कोणा मालवणी घरी गेलात, तर भरडाचे वडे आणि काळ्या वाटाण्याची आमटी. या दिवसांत वाशीच्या भाजीबाजारात गवार आणि भेंडी का कडाडते याचे उत्तर या ताटात आहे. श्रावण, गणपती आणि पक्ष असे लागोपाठ आल्याने मटणवाल्यांचे मात्र हाल. आणि ज्या काकांनी आयुष्यभर हे बाजार पाठीवर वाहिले, त्यांच्याकडे भाजी निवडून घेतलेली असणार, हे सांगायला नको.

बोलायचे काय? शास्त्र सांगते, मुकाट्याने जेवावे आणि पदार्थांचे गुण बोलू नयेत. अन्न ऊन आहे आणि जेवणारा गप्प आहे तोवरच पितर जेवतात, असा समज. म्हाळाच्या पंगतीत इतकी शांतता कोणी पाळत नाही, गप्पा होतात. तरी 'काकू, खीर एक नंबर' हे जेवण होईपर्यंत गिळून टाका. बोलायचेच असेल, तर आण्णांविषयी विचारा. ते काय करायचे, बैल कोणते होते, मुंबईत कधी आले होते का. ज्या माणसाच्या जागी बसलात, त्याची एवढी चौकशी तुमच्याकडून अपेक्षित आहे, आणि तुमच्याखेरीज ती कोणी करणारही नाही, कारण घरातल्या सगळ्यांना ते सारे ठाऊक आहे. फोटो आणि रील नको. नातवाने काढले तर काढू दे.

नेऊ काहीच नका. मिठाईचा पुडा नको, फुलेही नकोत. उलट निघताना तुमच्याच हातात विडा, दक्षिणा, कदाचित टॉवेल-टोपी पडेल. इथे तुमचे शहरी संकोच फार आड येतील. 'अहो काका, पैसे कशाला' असे म्हणू नका. ते अकरा किंवा एकावन्न रुपये तुमचे नाहीत. खिशात घाला, नंतर वाटेल तिथे द्या. वडील वसतिगृहाला पाठवायचे ना, त्यात मिळवा. तेही श्राद्धच होते, फक्त पान समोर मांडलेले नव्हते. जुना नियम असाही आहे, की श्राद्धाला जेवलेल्याने त्या दिवशी पुन्हा जेवू नये आणि दूरचा प्रवास करू नये. खीर-वड्यांनंतर तो आपोआप पाळला जातो.

तुम्ही कावळ्याबद्दल विचारलेले नाही, पण गच्चीवर तुम्हाला तो प्रसंग दिसणारच. घास ठेवतात, सगळे लांब उभे राहतात, कावळा लवकर आला तर बरे वाटते, न आला तर कोणीतरी हळूच म्हणते, 'काहीतरी राहिलं असंल मनात.' तेवढ्यात पुष्कळदा कबुतरे येऊन घास संपवतात, ही नव्या मुंबईची भर. याच दिवसांत मोबाइलवर एक संदेश फिरतो : कावळी भाद्रपदात अंडी घालते, पिलांना पोसायला अन्न मिळावे म्हणून ऋषींनी पितृपक्ष योजला, कारण वड-पिंपळ कावळ्यामुळे रुजतात. ऐकायला छान आहे. पण आपल्याकडचा गावकावळा घरटे करतो ते उन्हाळ्यात, पावसाच्या तोंडावर, आणि कोकिळाही तेव्हाच त्याला फसवते. भाद्रपद उजाडेपर्यंत पिले उडून आपापल्या पोटापाण्याला लागलेली असतात. वडा-पिंपळाची फळे तर कितीतरी पक्षी खातात. कावळ्याला घास घालायला विज्ञानाचा दाखला लागत नाही. घालायचा तर घालावा.

सिंगापूरचे म्हणणे खरे आहे. चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात तिथे भुकेल्या आत्म्यांसाठी रस्त्याच्या कडेला अन्न मांडतात, कागदी नोटा जाळतात आणि मांडवात गाण्याबजावण्याचे कार्यक्रम करतात. त्यांत पहिली रांग रिकामी सोडलेली असते, ती अदृश्य पाहुण्यांसाठी. नवखे पर्यटक तिथे जाऊन बसतात आणि उठवले जातात. जपानमध्ये ओबोनला काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि वांग्याची गाय. पूर्वजांनी येताना घोड्यावरून लवकर यावे, जाताना गाईवरून रमतगमत जावे म्हणून. आपण तीच काकडी कोशिंबिरीत घालतो. फरक मला एवढाच दिसतो, की तिथे खुर्ची रिकामी ठेवतात, आणि इथे ती भरायला शेजारी शोधतात. बेवारस मृतांची आठवण आपल्याकडेही आहे : तर्पणाच्या शेवटी, ज्यांना मागे कोणी नाही त्यांच्या नावाने वस्त्र पिळून पाणी सोडतात. आणि त्याच सर्वपित्रीच्या पहाटे तुमच्या आसपास एखादे बंगाली कुटुंब असेल, तर भिंतीपलीकडून रेडिओवरचे 'महिषासुरमर्दिनी' ऐकू येईल. त्यांची ती महालया. दिवस एकच.

उरली तुमच्या सहकारी बाईंची गावपळण. मालवण तालुक्यात आचरा, चिंदर, वायंगणी या गावांत ठरावीक वर्षांनी देवाचा कौल घेऊन सगळे गाव वेशीबाहेर जाते. माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्री, सगळे. घरे बंद होतात, आणि लोक रानात नाहीतर शेजारच्या गावाच्या हद्दीत झोपड्या घालून राहतात. तीन दिवस झाले की पुन्हा कौल मागायचा, तो मिळाला तरच परतायचे. वैभववाडी तालुक्यात शिराळे गावाची गावपळण पौषात होते. त्या काळात गावात भुते वस्तीला येतात म्हणणारे आहेत, तसेच रोगराईच्या दिवसांत गाव हवेशीर राहावे म्हणून कोणी शहाण्याने ही प्रथा पाडली म्हणणारेही आहेत. दुसरे स्पष्टीकरण मला त्या कावळ्याच्या संदेशासारखेच, मागाहून सुचलेले वाटते. झोपड्यांतल्या लोकांना विचाराल तर ते दोन्ही सांगतील आणि चहा पाजतील. मुंबई-नवी मुंबईतले चाकरमानी यासाठी रजा काढून जातात, कारण एरवी आपापल्या उंबऱ्याआड राहणारा सगळा गाव त्या तीन दिवसांत एकत्र जेवतो, भजने म्हणतो, रात्री जागवतो.

ते बघायला जायचे तर एकच पथ्य : रिकामे गाव बघायला वेशीच्या आत शिरू नका. भुते भेटतील म्हणून नव्हे. लोक कड्या लावून, कोणी आत जाणार नाही या भरवशावर गेलेले असतात. जायचे ते झोपड्यांकडे, आणि तेही कोणाचे तरी पाहुणे म्हणून. तुमच्या सहकारी बाईंच्या आजोळचा पुढचा कौल कधी आहे, ते त्यांनाच विचारा. तारीख कॅलेंडरात छापलेली नसते. ती देवळात ठरते आणि तिथून फोनवरून कोपरखैरण्यापर्यंत येते.